अनुदिनीतील ‘मी’

मराठी गद्याचा विचार करताना आपण लघुनिबंध, ललित निबंध, प्रवासवर्णन, आत्मचरित्र, पत्रे, रोजनिशी असे प्रकार मानतो आणि त्यांपैकी प्रत्येकाची मीमांसा आपल्या समीक्षेने कमीअधिक प्रमाणात केलेली आहे. परंतु गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या सर्व प्रकारांच्या सीमेवर वावरणारे, प्रत्येकाकडून काही ना काही उसने घेतलेले आणि तरीही त्यांपैकी कोणत्याच एका नावाने पुरते ओळखता न येणारे असे विपुल गद्य महाजालावर लिहिले गेले. त्याच्याविषयी आपण बोलतो ते बहुधा दोन तऱ्हांनी. कोणी त्यास प्रसिद्धीची हौस म्हणून बाजूस सारतो, तर कोणी अभिव्यक्तीचे लोकशाहीकरण म्हणून त्याचे स्वागत करतो. या दोन्ही भूमिका समाजशास्त्रीय आहेत, वाङ्मयीन नव्हेत. हे लेखन वाङ्मय आहे काय, आणि असल्यास कोणत्या गुणामुळे आहे, हा प्रश्न दोन्हींच्या हातून निसटतो. प्रस्तुत लेखात तोच प्रश्न विचारावयाचा आहे, आणि तो विचारण्यासाठी या लेखनातील ‘मी’ तपासावयाचा आहे. कारण या लेखनाचे सारे बळ आणि सारे दौर्बल्य त्या ‘मी’मध्येच साठलेले आहे, असे मला वाटते.

प्रथम नावाविषयी थोडेसे. इंग्रजीत ‘वेब्लॉग’ हा शब्द १९९७ मध्ये निघाला आणि १९९९ मध्ये त्याचे ‘ब्लॉग’ असे लघुरूप झाले. त्याच वर्षी ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली आणि ज्याला यंत्राचे काही ज्ञान नाही अशा माणसालाही स्वतःचे पान उघडता येऊ लागले. मराठीत या प्रकारास कोणी ‘जालनिशी’ म्हटले, कोणी ‘अनुदिनी’. पहिला शब्द रोजनिशीवरून बेतलेला असून त्यात दप्तरी कोरडेपणा आहे. दुसरा मात्र अर्थाने गजबजलेला आहे. ‘अनुदिनी’ हे मुळात नाम नव्हे, ‘दिवसेंदिवस’ या अर्थाचे क्रियाविशेषण होय, आणि मराठी कानाला ते परिचित झाले ते समर्थांच्या करुणाष्टकांमुळे. तेथे प्रतिदिनीचा जो ताप सांगितलेला आहे तो एकालाच सांगितलेला आहे, आणि ज्याला सांगितला तो उत्तर देईलच असे नाही. ज्या कोणी हा शब्द नव्या प्रकारास दिला त्याच्या मनात हा सारा संदर्भ होता की नव्हता, कोण जाणे. पण नकळत का होईना, त्याने एक अत्यंत उपयुक्त तुलना आपल्या हाती दिली. नव्या अनुदिनीतही प्रतिदिनीचे सांगणे आहे. फरक एवढाच की ते सर्वांना सांगितलेले आहे आणि उत्तर तत्काळ येते.

आता मराठी गद्यातील जुन्या ‘मी’कडे वळू. १९२६ मध्ये ‘रत्नाकर’ मासिकातून ना. सी. फडक्यांच्या ‘गुजगोष्टी’ येऊ लागल्या आणि मराठीत एक नवा, घरगुती, सलगीचा ‘मी’ बोलू लागला. हा ‘मी’ वाचकाच्या खांद्यावर हात टाकून चालतो, आपल्या लहानसहान खोडी कौतुकाने सांगतो आणि स्वतःवर हसण्याचे श्रेयही स्वतःच घेतो. खांडेकर आणि काणेकर यांनी त्याला वेगवेगळी वळणे दिली. पुढे त्या ‘मी’चा साचा झाला, आणि साचा झाल्यावर त्याच्या सलगीत एक प्रकारची लाडिक कृत्रिमता आली, हा आक्षेप आपल्या समीक्षेने वेळीच घेतला. आज कोणतीही चार अनुदिने काढून वाचावीत. हाच ‘मी’ तेथे पुन्हा भेटतो. चहाचा कप, पावसाची सर, हरवलेली छत्री, गावाकडचे घर, आणि शेवटी जीवनाविषयी एक गोड निष्कर्ष. लघुनिबंध मेला असे आपण परीक्षांच्या पुस्तकांतून शिकवितो. तो मेलेला नाही. त्याने स्थलांतर केले आहे, एवढेच.

पण स्थलांतरात त्याचे काहीतरी हरवले, आणि ते काय हे समजण्यासाठी मी लघुनिबंधाचे नव्हे, त्याच्यानंतरच्या एका लेखाचे उदाहरण घेतो. इरावती कर्वे यांच्या ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील शीर्षकलेख बहुतेकांच्या स्मरणात असेल. एका सभेत लेखिकेची ओळख करून दिली जाते. ती कोणाची सून, कोणाची पत्नी हे सांगितले जाते. आणि त्या ओळखीत काहीतरी उणे राहिले अशी रुखरुख तिच्या मनात उरते. पुढे रस्त्यावरून जाताना खेळणाऱ्या मुलांच्या बोलण्यात आपण त्यांच्या एका सोबत्याची आई आहोत, अशी ओळख तिच्या कानावर पडते आणि उणे होते ते भरून निघते. लेख लहान आहे. परंतु ‘स्वतःची ओळख’ या विषयावर मराठीत याहून नेटके काही लिहिले गेले असेल असे मला वाटत नाही. यातील ‘मी’ स्वतःची ओळख स्वतः भरून देत नाही; ती इतरांच्या बोलण्यातून, आणि तीही वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या वेळी, तिला सापडते. सभा आणि रस्ता यांच्यामध्ये जो अवकाश आहे तेथे हा लेख घडला. आज समाजमाध्यमावर पाऊल टाकण्यापूर्वीच ओळखीचा तक्ता स्वहस्ते भरावा लागतो: नाव, छायाचित्र, शिक्षण, निवास, आवडी. ‘परिपूर्ती’ जेथे जाऊन पोचते तेथून हे लेखन सुरू होते. मग त्याने जावे कोठे?

माझा मुद्दा हा असा. जुन्या आत्मपर गद्यातील ‘मी’ आणि वाचक यांच्यामध्ये एक अंतर असे. लेखन, संपादकाची निवड, छपाई, टपाल, आणि आलेच तर महिन्याभराने आलेले एखादे पत्र, एवढ्या टप्प्यांचे ते अंतर होते. आपण ते केवळ तांत्रिक अडचण समजत होतो. वस्तुतः ते कलेचे एक साधन होते. या अंतरात लेखकाचा लौकिक ‘मी’ हळूहळू मागे सरे आणि लेखनातला ‘मी’ घडे. महाजालाने हे अंतर नाहीसे केले. त्यामुळे आज लेखनात जो ‘मी’ येतो तो बहुधा घडलेला नसतो. तो केवळ हजर असतो. त्याच्या हजेरीची नोंद होते, ती मोजली जाते, आणि ती चुकली तर विचारणा होते. फेब्रुवारी २००९ मध्ये फेसबुकने पसंतीची खूण उपलब्ध करून दिली, तेव्हापासून वाचकाचा प्रतिसाद हा संख्येत वाचता येऊ लागला. संख्येशी वाद घालता येत नाही, हे तिचे वैशिष्ट्य होय.

हा विचार सर्वस्वी नवा आहे असे नाही. अभिनवगुप्तांनी ‘अभिनवभारती’त रसास्वादाची सात विघ्ने सांगितली आहेत. त्यांतील दोन आपल्या विषयाशी थेट भिडतात: हे दुःख माझे आहे अथवा हे त्या अमुक माणसाचे आहे, अशा विशिष्ट देशकालाच्या जाणिवेत प्रेक्षक गुंतून पडणे हे एक, आणि स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होणे हे दुसरे. पहिले विघ्न दूर करण्यासाठी रंगभूमीवर नटाच्या मस्तकी मुकुट असतो, वेष असतो, नाट्यधर्मी संकेत असतात. त्यांनी ‘हा अमुक नट’ ही जाणीव झाकली जाते. कोणी म्हणेल, आपल्याकडे कीर्तनकाराचा, शाहिराचा श्रोता समोरच असे आणि उत्तरही तत्काळच देई; मग समोरासमोर असणे एवढ्यावरून या नव्या लेखनास दोष का द्यावा? आक्षेप रास्त आहे. परंतु कीर्तनकार नारदाच्या गादीवर उभा असतो. गळ्यात हार आणि कपाळी बुक्का लावला की गावातला अमुक तमुक गृहस्थ तेवढ्यापुरता नाहीसा होतो. म्हणूनच तो समोर असूनही अंतर टिकते. दोष उपस्थितीचा नव्हे, मुकुटावाचूनच्या उपस्थितीचा आहे. अनुदिनीच्या लेखकाला गादी नाही, वेष नाही. आहे ते त्याचे खरे नाव आणि त्याचे छायाचित्र.

येथे मला अनुवादक म्हणून आलेला एक अनुभव नमूद केला पाहिजे. कारण या प्रश्नाने मला प्रथम अडविले ते सिद्धांतात नव्हे, व्यवहारात. काही वर्षांपूर्वी भारतीय भाषांतील समकालीन गद्याच्या एका संकलनासाठी मी एका हिंदी लेखकाचा लेख मराठीत आणण्याचे मान्य केले. वडिलांचे शिवणकामाचे दुकान बंद झाले त्या दिवसाविषयीचा तो लेख त्यांनी आपल्या समाजमाध्यमाच्या पानावर लिहिला होता. मी तो रात्री वाचला आणि चार दिवसांनी भाषांतरास बसलो, तेव्हा त्यातील एक वाक्य दिसेना. वडील गिऱ्हाइकांना कापडाविषयी खोटे सांगत, असे ते वाक्य होते, आणि माझ्या मते सबंध लेखाचा भार त्यावरच होता. खाली प्रतिसादांत पाहिले तर एका नातेवाइकाने त्यास हरकत घेतलेली दिसली. आणखी दोन दिवसांनी लेखाच्या शेवटी वडिलांच्या पुण्याईविषयी एक परिच्छेद वाढला होता. प्रतिसाद शंभरांच्या वर गेले होते. लेखक त्यांतील प्रत्येकास उत्तर देत होते, आणि त्या उत्तरांत ओघाने आलेल्या दोन आठवणी तर मूळ लेखाहून सरस होत्या. आता माझ्यापुढे संहिता कोणती? पहिल्या रात्रीची, वाक्य वगळलेली, पुण्याईसह वाढलेली, की उत्तरांतील आठवणींसकट सगळी? मी लेखकांना विचारले. “जे आपणांस योग्य वाटेल ते घ्या,” असे त्यांनी मोठ्या सौजन्याने कळविले. ते सौजन्य मला खटकले. लेखक आपल्या वाक्याविषयी भांडत नाही याचा अर्थ काय? विचार करता मला वाटले, त्या लेखाचे मोल त्यांना आधीच मिळून चुकले होते. संहिता ही त्या देवघेवीतून उरलेली पावती होती, आणि पावतीवरील अक्षरांविषयी कोणी आग्रह धरीत नाही.

या एका उदाहरणावरून सर्व अनुदिनी लेखनाचा निवाडा करणे अन्यायाचे होईल. म्हणून एक अगदी निराळे उदाहरण घेतो. आणि ते या लेखाचे मुख्य उदाहरण होय.

पेरुमाळ मुरुगन यांची ‘माधोरुबागन’ ही तमिळ कादंबरी २०१० मध्ये आणि तिचा इंग्रजी अनुवाद २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काली आणि पोन्ना या निपुत्रिक जोडप्याची ही कथा तिरुचेंगोडच्या अर्धनारीश्वराच्या यात्रेशी निगडित आहे. डिसेंबर २०१४ मध्ये त्या गावी कादंबरीविरुद्ध आंदोलन उभे राहिले, पुस्तकाच्या प्रती जाळल्या गेल्या, आणि जानेवारी २०१५ मध्ये जिल्हा प्रशासनाने बोलाविलेल्या शांतता-बैठकीत लेखकास बिनशर्त क्षमापत्र लिहून द्यावे लागले. त्यानंतर मुरुगन यांनी आपल्या फेसबुकवरील पानावर एक निवेदन लिहिले. लेखक पेरुमाळ मुरुगन मरण पावला आहे. तो देव नसल्यामुळे पुन्हा उठणार नाही. पुनर्जन्मावर त्याचा विश्वास नाही. यापुढे जगेल तो पे. मुरुगन नावाचा एक सामान्य शिक्षक, असा त्याचा आशय होता. प्रकाशकांनी आपली पुस्तके विकू नयेत, ज्या वाचकांनी ती घेतली असतील त्यांनी खुशाल जाळावीत, नुकसानभरपाई करून दिली जाईल, असेही त्यात होते.

हे निवेदन लगोलग अनेक भाषांत गेले आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले. पण जवळजवळ सर्वांनी ते वार्ता म्हणून वाचले, गद्य म्हणून नव्हे. गद्य म्हणून ते वाचले असता प्रथम ध्यानात येते ती त्यातील पुरुषाची योजना. जे माध्यम लेखकाला क्षणोक्षणी ‘तू कोण, आता तुझ्या मनात काय’ असे विचारीत असते, त्या माध्यमावर हा लेखक प्रथमपुरुषी उत्तर देण्याचे नाकारतो. तो तृतीयपुरुषात बोलतो. पे. मुरुगन हा पेरुमाळ मुरुगन याच्या वतीने बोलतो. एक नाव दुसऱ्या नावाचे मृत्युपत्र वाचून दाखविते. भाषा हिशेबी आहे: पुस्तके, प्रती, भरपाई. शोक कोठेही उच्चारलेला नाही, आणि म्हणूनच तो सर्वत्र आहे. आपण ज्याला मुकुट म्हटले तो येथे लेखकाने एका आद्याक्षरापासून घडविला आहे. खरे नाव आणि खरे छायाचित्र यांच्या बाजारात उभे राहून त्याने स्वतःला दोन केले, आणि त्या दोहोंच्या मध्ये जे अंतर पडले त्यात हे लेखन वाङ्मयाच्या पातळीस पोचले.

मराठी वाचकाला ही रचना अनोळखी वाटू नये. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले. त्यातही दोन नावे आहेत: शिकलेला, लेखक म्हणून नावारूपास आलेला दया पवार, आणि त्याला आपली कहाणी सांगणारा दगडू मारुती पवार. आत्मचरित्राचा ‘मी’ येथे जन्मताच दुभंगलेला आहे. दगडूचे दुःख दया पवाराने थेट ‘माझे’ म्हणून सांगितले असते तर ते गाऱ्हाणे झाले असते, आणि ‘त्याचे’ म्हणून सांगितले असते तर अहवाल झाला असता. दोघांना समोरासमोर बसविल्यामुळे ते यांपैकी काहीच राहिले नाही. या दोन लेखनांतील भेद मी विसरत नाही. ‘बलुतं’तील दुभंग वर्षानुवर्षांच्या जगण्यातून आणि लेखकाच्या स्वतःच्या निवडीतून आला आहे, मुरुगन यांचा दुभंग त्यांच्यावर काही दिवसांत लादला गेला. एक पुस्तकभर आहे, दुसरा पानभरही नाही. पण समीक्षकाने ध्यानात घ्यावयाची गोष्ट ही की पुस्तकात असो वा फेसबुकवर असो, ज्या क्षणी ‘मी’ आपल्या हजेरीतून बाहेर पडतो त्या क्षणी एकाच जातीचे काहीतरी घडते.

येथे एक कबुली दिली पाहिजे. हे निवेदन मी वाचले तेव्हा त्यांची एकही कादंबरी मी वाचलेली नव्हती. लेखकाचा मृत्युलेख आधी आणि त्याचे लेखन नंतर, अशा उलट्या क्रमाने मी त्यांच्याकडे गेलो. आणि मी एकटाच तसा गेलो असेन असे वाटत नाही. भारतीय भाषांचे आपसांतील अनुवाद किती तोकडे आहेत याची ही साक्ष होय, आणि ज्यांचा तो व्यवसाय आहे त्यांच्यातच मी मोडतो.

पुढील इतिहास सुपरिचित आहे. ५ जुलै २०१६ रोजी मद्रास उच्च न्यायालयाने निर्णय दिला. बैठकीत करून घेतलेली तडजोड लेखकावर बंधनकारक नाही असे सांगितले आणि त्याने पुन्हा लिहावे अशी इच्छा प्रकट केली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मौनाच्या काळात लिहिलेल्या कवितांचा संग्रह दिल्लीत प्रकाशित झाला. मेलेला लेखक उठला. परंतु आता आपल्या आत एक परीक्षक बसला आहे, असे त्यांनी स्वतःच सांगितले. तेव्हा अंतराची ही किंमत काय होती हे विसरून त्याची केवळ सौंदर्यशास्त्रीय स्तुती करणे मला प्रशस्त वाटत नाही.

किमतीचा प्रश्न आलाच आहे तर आपल्या घराजवळचा एक प्रसंगही आठवावा. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईत जो बंद पाळला गेला, त्याविषयी पालघर येथील एका तरुणीने फेसबुकवर प्रश्न उपस्थित केला आणि दुसरीने त्याला केवळ पसंतीची खूण केली. अटक दोघींनाही झाली. पहिलीने निदान काही वाक्ये लिहिली होती. दुसरीचा उच्चार म्हणजे तिची हजेरी, बस्स. ज्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या ६६-अ या कलमाचा असा वापर होत होता, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. वाङ्मयसमीक्षेशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की जेथे हजेरी हाच उच्चार मानला जातो तेथे शब्दांची निवड, वाक्याची घडण, म्हणजेच ज्यामुळे लेखन हे लेखन होते ते सारे, अनावश्यक ठरते. पोलिसांच्या दृष्टीने तसे ठरले. स्तुतिपाठकांच्या दृष्टीनेही तसेच ठरते.

मुकुट घडविण्याचे अन्य मार्गही आहेत. बगदादमधील एका तरुणीने ऑगस्ट २००३ पासून ‘रिव्हरबेंड’ या टोपणनावाने इंग्रजीत अनुदिनी लिहिली. युद्ध, परकी सैन्य, वीज येण्याजाण्याचे तास, शेजाऱ्यांचे निघून जाणे, असे तिचे विषय. २००५ मध्ये त्या नोंदी पुस्तकरूपाने आल्या. २००७ मध्ये देश सोडून सीरियात गेल्यावर लेखन थांबले. २०१३ मध्ये एक नोंद आली आणि पुन्हा मौन. तिचे खरे नाव, तिचा चेहरा आपल्याला ठाऊक नाही, आणि वाचताना त्याची उणीव भासत नाही. टोपणनाव येथे प्रथम सुरक्षेसाठी आहे, हे उघड आहे. पण त्याने लेखनास जो लाभ झाला तो सुरक्षेपलीकडचा होय: सगळे लक्ष घराच्या गच्चीवर, स्वयंपाकघरावर, रस्त्यावरच्या आवाजावर राहते, सांगणारी व्यक्ती त्या घरातली एक, एवढीच उरते. देशकालाने इतके विशिष्ट असलेले हे लेखन भुसावळच्या वाचकालाही परके वाटत नाही. साधारणीकरण म्हणतात ते यालाच.

याउलट झुझे सारामागू. नोबेल पारितोषिक लाभलेल्या या पोर्तुगीज कादंबरीकाराने सप्टेंबर २००८ मध्ये, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी, अनुदिनी सुरू केली आणि सुमारे वर्षभर चालविली. त्याला टोपणनावाची गरज नव्हती. त्याचे नावच इतके मोठे होते की तेच त्याचा मुकुट झाले. त्याच्या नोंदी वाचताना निबंधकाराची जुनी शिस्त जाणवते. दिवसाची घटना ही त्याला केवळ निमित्त असते. इटलीचे तत्कालीन पंतप्रधान बेर्लुस्कोनी यांच्यावरील त्यातील टीकेमुळे, बेर्लुस्कोनींच्याच मालकीच्या प्रकाशनसंस्थेने या पुस्तकाची इटालियन आवृत्ती काढण्याचे नाकारले. तरीही, स्पष्ट बोलावयाचे तर, कादंबरीकार सारामागूच्या तुलनेत हे लेखन मला पातळ वाटले. तो रोज बरोबर असतो. आणि रोज बरोबर असणाऱ्या माणसाचे गद्य फार वेळ वाचवत नाही.

आता माझ्या मताविरुद्धच्या सर्वांत बळकट आक्षेपाकडे येतो. हे जे अंतर मी इतके वाखाणतो ते कोणाला उपलब्ध होते? संपादकाच्या मेजावरून जे लेखन परत येई ते कोणाचे असे? तालुक्याच्या गावी राहणारी गृहिणी, बोलीत लिहिणारा तरुण, ज्याच्या आडनावावरून त्याचा मजकूर आधीच जोखला जाई असा लेखक, यांच्या वाट्यास ते अंतर भिंत म्हणून आले होते. युनिकोडमुळे देवनागरी कोणत्याही यंत्रावर उमटू लागली आणि ही माणसे कोणाची परवानगी न घेता लिहू लागली. त्यांच्यासाठी हजर होणे हीच प्रथम कमाई होती. आणि ज्यांना हजेरीपटावर कधी नावच नव्हते त्यांना मुकुटाचे महत्त्व सांगणे हा शुद्ध उर्मटपणा होईल. या आक्षेपातील सत्य मी मान्य करतो. त्याहून पुढे जाऊन म्हणतो, गेल्या वीस वर्षांत मराठीच्या शब्दसंपत्तीत शेतीच्या, स्वयंपाकाच्या, कारखान्याच्या आणि परदेशातील एकाकी संसाराच्या अंगाने जी भर पडली तिचा मोठा वाटा या लेखनाचा आहे. मासिकांनी ती टिपली नाही.

तथापि, या मान्यतेने मूळ प्रश्न सुटत नाही. तो अधिक बिकट होतो. कारण ज्यांनी परवानगीवाचून लिहिले त्यांचे लेखन तितक्याच परवानगीवाचून पुसलेही जाते. ‘जिओसिटीज’ २००९ मध्ये मिटले. भारतात ज्याची एके काळी केवढी चलती होती ते ‘ऑर्कुट’ ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. ‘गूगल प्लस’ २०१९ मध्ये गेले. तेथे मराठीत काय काय लिहिले गेले याची सूची कोणापाशी आहे? एकोणिसाव्या शतकातील अल्पजीवी नियतकालिकांचे अंक शोधण्यात आपले संशोधक आयुष्य वेचतात, आणि ते योग्यच आहे. पण दहा वर्षांपूर्वीचे एक सबंध गद्य आपल्या डोळ्यांदेखत नाहीसे झाले तेव्हा आपण त्याचे वाङ्मयीनत्व ठरलेले नाही म्हणून स्वस्थ बसलो. निवड करण्याचे काम पूर्वी संपादक करी; त्याने ते अन्यायाने केले असेल, पण केले. आता ते कोणीच करीत नाही, आणि जी संख्या ते करते असे भासते ती वाचत नाही. समीक्षेने येथे उतरावयाचे ते दयाबुद्धीने नव्हे. मर्ढेकरांनी लेखकाच्या आत्मनिष्ठेचा प्रश्न मराठी समीक्षेपुढे ठेवला, तेव्हा आत्मनिष्ठा म्हणजे स्वतःविषयी बोलणे नव्हे, हे त्यांस अभिप्रेत होते. स्वतःविषयीच्या बोलण्याचा असा महापूर त्यांनी पाहिला नव्हता; म्हणूनच हा भेद आज पुन्हा, एकेका लेखापुरता, एकेका वाक्यापुरता करून पाहावा लागेल. या गृहिणीच्या नोंदींतला ‘मी’ कोठे घडला आणि कोठे नुसता हजर राहिला, हे सांगणारा समीक्षक तिला स्तुतिपाठकांपेक्षा अधिक मान देतो.

शिवणकामाच्या दुकानावरील त्या लेखाचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. मी पहिल्या रात्रीची संहिता प्रमाण मानली, वगळलेले वाक्य कंसात ठेवले, प्रतिसादांतील आठवणी घेतल्या नाहीत, पुण्याईचा परिच्छेद मात्र शेवटी तसाच राहू दिला, आणि मुद्रिते व मूळ हिंदी मजकूर अशी दोन्ही टपालाने लेखकांकडे पाठविली. त्यांना मराठी वाचता येत होते. या वेळी उत्तर तत्काळ आले नाही. तीन आठवडे गेले. संकलनाचे संपादक मला दूरध्वनी करू लागले. मग पाकीट आले. कंस काढून टाकलेले होते आणि ते वाक्य आता लेखाच्या मध्यातून उचलून आरंभी आणलेले होते. प्रतिसादांतील दोहोंपैकी एक आठवण, निम्म्या शब्दांत, समासात हिंदीतून लिहून मजकुरात घातलेली होती. पुण्याईचा परिच्छेद त्यांनी स्वतःच खोडला होता, दोनदा, एकदा पेन्सिलीने आणि मग शाईने. सोबतच्या चिठ्ठीत, तारखेखाली, एवढेच लिहिले होते की यात आणखी बदल करावयाचा झाल्यास कृपया मला विचारावे.